मुंगूस इंग्रजीत कसं गेलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर फेब्रुवारीत, मराठी भाषा गौरव दिनाच्या आगेमागे, मोबाइलवर एक मजकूर फिरायला लागतो: ‘इंग्रजीतला मॉन्गूस हा शब्द आपल्या मराठीने जगाला दिला!’ तो आला की देगलूर, मुखेड, उदगीर, लातूर, परभणीकडून माझे जुने विद्यार्थी, त्यांची पोरं आणि दोनचार सहकारी मास्तर विचारायला लागतात की सर, हे खरं का. तेच उत्तर पंधरा जणांना पंधरा वेळा टाइप करून बोटं दुखली. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. प्रश्न जसा आला तसा ठेवलाय, फक्त शुद्धलेखन थोडं सारखं केलंय. मराठी शब्द ‘मुंगूस’ आणि इंग्रजी शब्द ‘मॉन्गूस’ असा लिहिलाय, म्हणजे वाचताना घोळ नको.

१. सर, मॉन्गूस खरंच मराठीतून गेलाय, की नुसतं व्हॉट्सॲपवरचं आहे?

खरं आहे. इंग्रजीचे मोठे व्युत्पत्तिकोश या शब्दापुढे मराठीचं नाव देतात. युल आणि बर्नेल यांनी १८८६ साली हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश काढला. त्यातही हा शब्द मराठी म्हणून नोंदलाय आणि शेजारी तेलुगू रूप दिलंय.

ते शेजारचं तेलुगू रूप फिरत्या मजकुरातून दरवर्षी गळतं. इंग्रजीने शब्द मराठीतून घेतला, एवढं पक्कं. तो मुळात फक्त मराठीचाच, असं कोणी म्हणालं तर मात्र त्याला प्रश्न ४ वाचायला द्या.

२. इंग्रजांनी हा शब्द कधी उचलला आणि कुणी?

सतराव्या शतकात. इंग्रजीतली जुन्यात जुनी नोंद म्हणून जॉन फ्रायरचं नाव सांगतात. हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. १६७२ साली निघून तो हिंदुस्थान आणि इराणात जवळजवळ दहा वर्षं फिरला. मुंबई, सुरत, गोवा त्याने पाहिलं, १६७५ मध्ये घाट चढून जुन्नरलाही जाऊन आला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातीत मराठी मुलखात वावरलेला माणूस. या प्रवासाची पत्रं पुस्तकरूपाने लंडनमध्ये १६९८ साली छापली गेली. त्यात १६७३ च्या सुमाराच्या मजकुरात मुंगसाचा उल्लेख येतो आणि आपल्या वाचकांना कळावं म्हणून तो मुंगसाला फेरेटच्या नात्यातलं जनावर म्हणतो. फेरेट म्हणजे तिकडे सशा-उंदरांच्या शिकारीसाठी पाळतात तो लांबुळका प्राणी.

विलायतेत मुंगूस नव्हतंच, त्यामुळे त्यांच्याकडे त्याला नावही नव्हतं. जनावर इथलं, तर नावही इथलंच घेतलं. आपण बटाटा आणि तंबाखू घेतले तसंच.

३. मधे पोर्तुगीज होते असं एका लेखात वाचलं. मग शब्द मराठीतून गेला की पोर्तुगीजमधून?

दोन्ही म्हणता येतं, कारण उगम एक आणि वाट दुसरी असू शकते. पोर्तुगीज इंग्रजांच्या शंभर वर्षं आधी गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावर बसले होते. कोकणीतही मुंगूसच म्हणतात. सिलोनबद्दल, म्हणजे आजच्या श्रीलंकेबद्दल, लिहिणाऱ्या रिबेरो या पोर्तुगीजाने १६८५ साली ‘मांगुस’ असं रूप वापरलंय. फ्रायर काय, दुसरे कंपनीवाले काय, किनाऱ्यावर सगळ्यांचा पोर्तुगीज बोलणाऱ्या दुभाष्यांशी रोजचा संबंध. तेव्हा शब्द थेट मराठी माणसाच्या तोंडून ऐकला की दुभाष्याच्या, हे कोश ‘कदाचित पोर्तुगीजमार्गे’ अशा शब्दांत मोकळं ठेवतात.

एक खूण मात्र बघण्यासारखी आहे. पुढे पोर्तुगीजमध्ये ‘मांगुस्तो’ रूढ झालं, आणि फ्रेंच ‘मांगूस्त’, स्पॅनिश ‘मांगोस्ता’, इटालियन ‘मांगुस्ता’ या सगळ्यांच्या शेपटीला तो ‘त’ चिकटलेला आहे. इंग्रजीत नाही. इंग्रजीचं रूप आपल्या मुंगसाच्या जास्त जवळचं राहिलं.

४. मराठीत तरी मुंगूस कुठून आलं? संस्कृतातूनच ना?

हा खरा गुंत्याचा प्रश्न, म्हणून इथे जरा थांबू.

संस्कृतात मुंगसाला नकुल म्हणतात. पांडवांतला चौथा तोच. नकुलापासून हिंदीचा नेवला आणि गुजरातीचा नोळियो सरळ निघतात, मधल्या पायऱ्या दाखवता येतात. पण नकुलातून मुंगूस काढायचं तर नचा म, कचा ग आणि लचा स करावा लागेल. एवढी ओढाताण केली तर कशातूनही काहीही निघतं.

आता शेजारी बघा. तेलुगूत मुंगिस. कन्नडात मुंगुसि किंवा मुंगिसि. कोकणीत मुंगूस. आणखी खाली सिंहलीत मुगटिया. १६८१ साली सिलोनवर पुस्तक छापणाऱ्या रॉबर्ट नॉक्स या इंग्रजाने तो मुगटिया आपल्या कानाप्रमाणे वेडावाकडा लिहून ठेवलाय. तमिळ आणि मल्याळममध्ये मात्र रोजच्या बोलण्यात कीरी. आणि प्राकृतातही मंगुस, मुग्गुस यांसारखी रूपं सापडतात, म्हणजे शब्द बराच जुना.

यावर अभ्यासकांचे दोन तट. एक म्हणतो, शब्द द्राविडी, तेलुगू-कन्नडातून मराठीत आला. दुसरा प्राकृताकडे बोट दाखवून म्हणतो, तो इथल्या लोकभाषेत फार आधीपासून आहे. जुन्या व्याकरणकारांच्या भाषेत ‘देशी’, म्हणजे संस्कृतात मूळ नसलेला. हॉब्सन-जॉब्सनच्या १९०३ च्या आवृत्तीत प्लॅट्स या कोशकाराचा एक तर्कही दिलाय: संस्कृत ‘मक्षु’ म्हणजे चपळ, त्यातून मुंगूस. पण खुद्द प्लॅट्सलाच त्याची खात्री नव्हती. आपण कशाला धरून बसायचं?

माझं मत विचाराल तर नकाशा पुढे घ्या आणि ज्या भाषांत हा शब्द आहे त्यांवर बोट फिरवा. कोकण, मराठी मुलूख, कन्नड मुलूख, तेलुगू मुलूख. बोट दख्खनच्या पठाराभोवती फिरतं. हा दख्खनचा शब्द आहे. एका भाषेच्या घरी जन्मला असेल, पण वाढला सगळ्यांच्या अंगणात.

५. आमची आजी बिदरकडची. ती मुंगुसि म्हणायची आणि आम्ही तिला हसायचो. आजी चूक होती का?

अजिबात नाही. आजी कन्नड शब्द म्हणत होती आणि तो बरोबर आहे (प्रश्न ४). हसायचं असेल तर आपल्या शाळेला हसा, तिनेच आपल्याला एका गोष्टीला एकच शब्द असतो असं शिकवलं.

मी देगलूर पट्ट्यात शिकवायचो तेव्हाची गोष्ट. पाचवीच्या वर्गात प्राण्यांची चित्रं दाखवत होतो. मुंगसाचं चित्र वर धरलं आणि एका दमात तीन उत्तरं आली. पुढच्या बाकावरून मुंगूस. खिडकीकडच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पोराकडून मुंगिस. मागून मंगूस, कारण त्या पोराच्या घरात दख्खनी उर्दू. तिघंही एकमेकांकडे ‘याला येत नाही’ अशा नजरेने बघायला लागले. मी फळ्यावर तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले आणि विचारलं, यांच्यात सारखं काय? एका पोरीने उठून तिन्हींतला ‘ंग’ आणि ‘स’ खडूने गोल केला. भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षाला याहून वेगळं काही शिकवत नाहीत.

आपल्या भागात हे असंच होणार. निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एका दरबाराखाली नांदल्या. १९४८ ला संस्थान गेलं, १९५६ ला भाषेवार वाटणी झाली, बिदर-भालकी तिकडे गेले आणि आपण इकडे आलो. सोयरिकी मात्र तशाच राहिल्या आणि सोयरिकीबरोबर शब्दही.

६. मराठवाड्याचा या शब्दाच्या प्रवासात थेट काही वाटा आहे का? गावात अभिमानाने सांगता येईल असं?

शब्द इंग्रजीत गेला तो किनाऱ्यावरून, मराठवाड्यातून नव्हे. हे आधी मान्य करू.

तरी एक धागा आपल्याकडे येतो. टॉमस जर्डन हा मद्रास सैन्यातला डॉक्टर आणि पक्षी-प्राण्यांचा मोठा अभ्यासक. १८३० च्या दशकाच्या अखेरीस तो जालन्याच्या छावणीत होता आणि तिथल्या माळरानावरच्या पक्ष्यांच्या नोंदी त्याने केल्या. पुढे १८६७ साली त्याचं हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांवरचं पुस्तक आलं. मंगूस हे नाव मराठी तसंच दख्खनीही आहे, अशी त्याची साक्ष हॉब्सन-जॉब्सनवाल्यांनी दिली आहे. त्याने ते जालन्यातच ऐकलं असा दावा मी करणार नाही. पण जालन्याच्या बाजारात दोन्ही भाषा त्याच्या कानावर रोज पडत होत्या, एवढं म्हणायला हरकत नाही.

७. मग हिंदीत नेवला का? हिंदी पुस्तकात मंगूस सापडतच नाही.

कारण नर्मदेच्या पलीकडे नकुलाचं घराणं चालतं आणि अलीकडे मुंगसाचं (प्रश्न ४). बंगालीत तर तिसराच शब्द आहे, बेजी. इंग्रज आधी उत्तर हिंदुस्थानात स्थिरावले असते तर आज शाळेत पोरं कदाचित ‘नेवल’चं स्पेलिंग पाठ करत बसली असती.

८. मॉन्गूसमध्ये गूस म्हणजे बदकासारखा पक्षी कसा काय घुसला? त्याचा मुंगसाशी काय संबंध?

संबंध शून्य. शब्द नवा होता तेव्हा जो तो आपल्या कानाप्रमाणे लिहायचा. मंगूस, मांगुस, मुंगूस, सगळी स्पेलिंगं सापडतात. हॉब्सन-जॉब्सनमध्ये तर मुख्य नोंदच ‘मंगूस’ला जवळच्या स्पेलिंगाने आहे. हळूहळू शेवटचा ‘गूस’ त्यांच्या ओळखीच्या पक्ष्यासारखा लिहिला जाऊ लागला आणि तोच टिकला. अनोळखी शब्दाला ओळखीचा सदरा घालायची माणसाची खोड. तिला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

आपणही काही कमी नाही. छावणीतला गोरा पहारेकरी अंधारात ‘हू कम्स देअर’ ओरडायचा, आपल्या शिपायांनी त्याचं ‘हुकुमदार’ केलं. फिट्टंफाट.

९. गूसचं अनेकवचन गीस. मग मॉन्गूसचं मॉन्गीस का नाही? पोराचा पेपर तपासताना बाईंनी काट मारली.

बाईंचं बरोबर आहे. गूस-गीस हा बदल इंग्रजीच्या जुन्या घरच्या शब्दांतला. मॉन्गूस बाहेरून आलेला, त्याला नुसता ‘एस’चा प्रत्यय: मॉन्गूसेस. काही कोश मॉन्गीसही दुय्यम रूप म्हणून नोंदतात, कारण तसं म्हणणारे इंग्रज आहेत, आणि ते त्या पक्ष्याला फसलेले आहेत (प्रश्न ८). परीक्षेत मॉन्गूसेस लिहावं.

१०. आणि मराठीत? मुंगूसाला की मुंगसाला? तो मुंगूस की ते मुंगूस?

ते मुंगूस, ती मुंगसं. नपुंसकलिंगी. प्रत्यय लागला की मधला ऊ गळतो: मुंगसाला, मुंगसाने, मुंगसाचं. कापूस-कापसाला, माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाला, तोच नियम. ‘मुंगूसाला’ लिहिणारे बहुधा ‘कापूसाला’ लिहीत नाहीत, म्हणजे नियम कानात आहे, हातात उतरत नाही एवढंच. गंमत अशी की जो ऊ इंग्रजांनी तीनशे वर्षं घट्ट धरून ठेवला, तो आपण विभक्ती लागताच सोडून देतो.

११. ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव’ हे फक्त आमच्याच गावात म्हणतात का?

नाही हो, महाराष्ट्रभर म्हणतात. शाळेच्या वाटेवर मुंगूस आडवं गेलं की पोरांनी एका जागी उभं राहायचं आणि ओरडायचं: मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ! तोंड दिसलं की दिवस चांगला जातो.

आणि ते खरंच वळून बघतं. बांधावरून सरपटल्यासारखं पळतं, अंगाएवढी लांब शेपटी मागे ओढत, आणि बाभळीच्या बुडाशी जाऊन मागच्या दोन पायांवर उभं राहतं. लालसर डोळे, ओलं नाक, पुढचे पाय छातीशी धरलेले. धोका मागे येतोय का, एवढंच ते बघत असतं. शपथ रामाची होती की आणखी कुणाची, त्याच्या गावी नसतं. पण सात वर्षांच्या पोराला हे सांगायला जाऊ नका.

व्याकरणवाल्यांसाठी: इथला ‘मुंगसा’ म्हणजे संबोधन. प्रश्न १० चा नियम पोरं न शिकता पाळतात.

१२. मूग आणि मुंगूस एकाच मुळातले का? आमच्या पुस्तकात उडदाच्या शास्त्रीय नावात ‘मुंगो’ आहे. (परभणीहून कृषीचा विद्यार्थी)

या पोराने मला खरोखर कामाला लावलं. मूग संस्कृत मुद्गापासून येतो आणि त्याचा मुंगसाशी काही संबंध नाही. इंग्रजीतला मंग बीन हा हिंदी मूंगवरून.

आता गोंधळ बघा. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७६७ साली ‘मुंगो’ हे नाव दिलं ते उडदाला. त्यामुळे आज उडीद म्हणजे विग्ना मुंगो, आणि ज्याचं नाव चोरीला गेलं तो मूग म्हणजे विग्ना रेडिएटा. जातीची नावं एकदा रीतसर लागली की बदलायची नाहीत असा वनस्पतिशास्त्राचा दंडक, त्यामुळे ही अदलाबदल अडीचशे वर्षं तशीच चाललीय. खरिपात मूग आणि उडीद शेजारी शेजारी पेरणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो मूग गिळून गप्प बसायचा नाही.

आणि एक खड्डा: आफ्रिकेतल्या एका मुंगसाच्या नावातही ‘मुंगो’ आहे. तो मात्र खरा मुंगूस (प्रश्न १४). अक्षरं तीच, मुळं वेगळी.

१३. मुंग्या खातं म्हणून मुंगूस? आणि मुंगी-पैठणचं काय?

दोन्हींना नाही. मुंगूस किडे खातं, सरडे, उंदीर, अंडी, पडलेली फळंही खातं, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. मुंगी हे पैठणजवळ गोदाकाठी शेवगाव तालुक्यातलं गाव, त्याचाही इथे संबंध नाही. नुसत्या सारख्या आवाजावर व्युत्पत्ती सांगणाऱ्यांपासून लांब राहावं. आपल्याकडे ते गावोगावी आहेत आणि पारावर त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा असतो.

१४. आपल्या मुंगसाच्या शास्त्रीय नावात मुंगूस आहे का?

नाही, आणि याचा मला थोडा रागच आहे. आपल्या शेतात दिसणारं करड्या रंगाचं मुंगूस १८१८ साली जफ्रुआ सँतिलेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने नोंदलं. जातीचं नाव जॉर्ज एडवर्ड्स या इंग्रज निसर्गअभ्यासकावरून ठेवलं: हर्पेस्टिस एडवर्ड्सी. हर्पेस्टिस म्हणजे ग्रीकमध्ये सरपटणारा. अलीकडे वंश बदलून उर्वा एडवर्ड्सी म्हणतात. मुंगूस दोन्हींत कुठेच नाही.

‘मुंगोस’ हे वंशनाम मात्र १७९५ मध्येच दिलं गेलं आणि आज ते आफ्रिकेतल्या पट्टेवाल्या मुंगसाकडे आहे: मुंगोस मुंगो. ज्याने आयुष्यात मराठी ऐकली नाही तो दोनदा मराठी नाव मिरवतो, आणि आपल्या बांधावरचं एका इंग्रजाच्या नावाने चालतं. वतन एकाचं, सातबारा दुसऱ्याचा.

१५. जुन्या इंग्रजी पुस्तकात मॉन्गूस म्हणून झाडावरचा माकडासारखा प्राणी दाखवलाय. छापायची चूक?

चूक नाही. अठराव्या शतकात मादागास्करच्या एका लेमूरलाही इंग्रजीत मॉन्गूस म्हणायचे. लिनियसने १७६६ साली त्याचं नाव ‘मोंगोझ’ ठेवलं आणि आजही त्याला मॉन्गूस लेमूर म्हणतात. तो झाडावर राहतो, फळं-फुलं खातो आणि मुंगसाच्या कुळातला नाही. जुन्या प्रवासवर्णनात मॉन्गूस फांदीवर बसून फळ खाताना दिसला तर आधी बघा लेखक दख्खनमध्ये आहे की मादागास्करात.

१६. मुंगूसवेल खाऊन मुंगूस सापाचं विष उतरवतं ना? नाव त्यावरूनच ना?

वेलीचं नाव त्याच समजुतीवरून. पण समजूत खरी नाही.

मला तर वाटतं, हा शब्द इतक्या लांब गेला तो या गोष्टीच्या पाठीवर बसूनच. उंदीर मारणारं जनावर त्यांच्याकडेही होतं. नागाशी लढून एक मुळी खातं आणि ठणठणीत उठतं, ही गोष्ट मात्र त्यांनी इथे येऊन ऐकली. सिलोनमधल्या नॉक्सने विषावरच्या वनस्पतींची माहिती लोकांना मुंगसाकडून मिळाल्याचं लिहिलंय. लिनियसने १७५३ साली एका झुडपाला ओफिओरायझा मुंगोस नाव दिलं. पहिल्या शब्दाचा अर्थच सापमूळ. जनावराच्या शास्त्रीय नावात मुंगूस यायच्या कितीतरी आधी ते झुडपाच्या नावात जाऊन बसलं.

आता खरं काय ते. मुंगूस नागापुढे टिकतं ते चपळाईमुळे, फुगवलेल्या राठ केसांमुळे आणि शरीराच्या एका खास घडणीमुळे. नागाचं विष स्नायूंवरच्या ज्या जागी चिकटून लकवा आणतं, ती जागाच मुंगसात थोडी वेगळी आहे. विष तिथे नीट चिकटत नाही. मुळीचा त्यात हात नाही. आणि हे संरक्षणही अमर्याद नाही, वर्मी दंश बसला तर मुंगूसही मरतं.

गावाकडे मुंगूसवेल हे नाव एकाहून जास्त वनस्पतींना आहे. साप चावला तर त्यातली एकही शोधत बसू नका, सरकारी दवाखान्यात जा. प्रतिसर्पविष तिथे मिळतं.

१७. वेस्ट इंडिजमध्ये मॉन्गूस फार आहेत म्हणे. तिकडे कसे पोचले?

उसापायी. जमैकात मळ्यांत उंदरांनी धुमाकूळ घातला होता. १८७२ साली एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली. त्यांची प्रजा बेटाबेटांवर गेली, १८८३ मध्ये जमैकाहून हवाईलाही. उंदीर पुरते संपले नाहीत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आणि सरडे मात्र खाल्ले गेले. ऊस आपल्याकडेही आहे आणि उंदीरही, पण आपल्याकडे मुंगूस आधीपासून आहे आणि त्याला आवरणारेही.

शब्दाच्या बाजूने यात एक मजा आहे. ती मुंगसं लहान जातीची आणि कलकत्त्याची होती. त्यांच्या गावी त्यांना बेजी म्हणत. बोटीत चढली बेजी म्हणून, उतरली मॉन्गूस होऊन. बंगालच्या जनावराला दख्खनचं नाव लागलं.

१८. जपानी कार्टूनमध्ये मला ‘मांगूसु’ असं ऐकू आलं. मराठी आहे का?

कान शाबूत आहे तुमचा. जपानीने शब्द युरोपीय भाषांकडून घेतला आणि फिरून फिरून तो आपल्या उच्चाराजवळ आला. तिकडेही मुंगूस सापांवर उपाय म्हणून नेलं होतं: ओकिनावात १९१० साली, अमामी ओशिमा बेटावर १९७९ मध्ये. साप रात्री बाहेर पडणारे, मुंगूस दिवसा, दोघांची गाठच पडेना. मुंगसाने दुर्मिळ सशांवर ताव मारला. अमामीवरून ते पुरतं हटवल्याचं जपान सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलं. जनावर गेलं, शब्द तिथेच राहिला.

१९. क्रिकेटची मॉन्गूस बॅट?

तोच शब्द. लांब दांड्याची, आखूड पात्याची बॅट, २०१० च्या आयपीएलमध्ये मॅथ्यू हेडनने चेन्नईकडून वापरली होती. व्युत्पत्तीत तिची भर काही नाही.

२०. स्पर्धा परीक्षेत ‘मॉन्गूस हा शब्द कोणत्या भाषेतून?’ असं आलं आणि पर्यायांत मराठी, तेलुगू दोन्ही असले तर?

मराठी. इंग्रजीने कोणाकडून घेतला असं विचारलंय, आणि कोश मराठी सांगतात. मराठीत कुठून आला हा वेगळा प्रश्न आणि तो चार पर्यायांत मावत नाही (प्रश्न ४). संस्कृत हा पर्याय दिसला तर सोडून द्या, तो बहुधा फसवायलाच ठेवलेला असतो.

२१. मुंगूस पाळलं तर चालतं का? घरात साप येत नाहीत.

चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मुंगसाला संरक्षण आहे. पाळणं, मारणं, विकणं हे सगळं गुन्हा. चित्रकारांच्या ब्रशसाठी त्याच्या केसांचा चोरटा धंदा चालतो, तोही. केसावर आळीपाळीने काळे-पांढरे पट्टे दिसले आणि दुकानदार नाव सांगायला कचरला, तर तो ब्रश घेऊ नका.

२२. तेलुगूने दिलेला असाच एखादा शब्द इंग्रजीत आहे का? माझे सासरचे लोक विचारतात.

आहे, आणि सासरी मान वर करून सांगा: बँडिकूट. तेलुगूत पंदिकोक्कु म्हणजे डुकरउंदीर, आपली घूस. इंग्रजांनी तो घेतला, पुढे ऑस्ट्रेलियात गेल्यावर तिथल्या एका पिशवीवाल्या प्राण्यालाही लावला, तेच लेमूरसारखं (प्रश्न १५).

देगलूरच्या पुढे तेलंगणाच्या शिवेला लागून असलेल्या शेतात हे दोन्ही शब्द मी एकदा एकत्र पाहिलेत. घुशीने बांध पोखरून ओल्या मातीचा ढीग बाहेर काढलेला. मालक तिला शिव्या देत होता, मराठीत सुरू करून तेलुगूत संपवलेल्या. तेवढ्यात तुरीच्या ओळीतून एक मुंगूस आलं, ढिगावर नाक फिरवलं, आमच्याकडे एकदा वळून बघितलं आणि बिळात शिरलं. मालक म्हणाला, गप बसा सर, बोलू नका आता.